फलकावर नावं कोणाची? दिवंगत सर्पमित्रांच्या यादीबद्दल मतं हवीत

गिरणाकाठी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. विषय जरा जड आहे, सवडीने वाचा.

आमचा गट म्हणजे नोंदणीकृत संस्था नाही. जळगाव, धुळे, नंदुरबार मिळून साठेक पोरं, चार पोरी आणि एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. कॉल आला की जवळ असेल त्याने निघायचं, एवढीच घटना. गेल्या महिन्यात बैठक झाली आणि ठरलं की या कामात गेलेल्या आपल्या माणसांचा एक दगडी फलक करायचा. जागा मिळाली, एका रोपवाटिकेच्या कुंपणालगत. दगड एका केळीवाल्या शेतकऱ्याने दिला, विहीर खोदताना निघालेला काळा पाषाण. पाथरवट अक्षरामागे पैसे घेणार म्हणून कोणीतरी सहज विचारलं, ‘नावं किती?’ मी पाच म्हणालो. शेजारचा दोन म्हणाला. मागून एकजण म्हणाला, सहा. तिथेच बैठक मोडली.

माझ्या डोक्यातले पाच सांगतो. घरच्यांना विचारलेलं नाही, म्हणून नावं देत नाही.

कोठीवाले काका. धान्याच्या कोठीत शिरलेला नाग काढताना मनगटावर दंश. जवळच्या दवाखान्यात लस नव्हती, पुढच्या गावी नेईपर्यंत वाटेतच गेले. यांच्याबद्दल कोणाचाच वाद नाही.

वायरमन. घोणस चावली, बारा दिवसांनी बरा होऊन घरी आला, आम्ही हारसुद्धा घातला. नंतर लघवी कमी झाली, डायलिसिस सुरू झालं आणि दोन महिन्यांनी गेला.

बाईकवाला. रात्री कॉलवर निघाला होता. हायवेला कपाशीची ट्रॉली उभी होती, मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. साप त्याने पाहिलाच नाही.

पावरा बाबा. सातपुड्यातले, चाळीसेक वर्षं साप धरून रानात सोडत आले. ओळखपत्र नाही, आमच्या ग्रुपमध्ये नाहीत, मोबाइलही नव्हता.

आणि रीलवाला पोरगा. वय बावीस. हा सगळ्यांना माहीत आहे.

आता बोला.

---

केळीबाग

कोठीवाले काका आणि वायरमन. बाकीच्यांना श्रद्धांजली, पण फलक फलक असतो. साप चावून गेले त्यांचाच.

---

तर्कट

आधी एक सांगा, फलकावर वर काय लिहिणार? ‘शहीद’ लिहिणार असाल तर मी वर्गणी परत मागणार. आपण रात्री-बेरात्री जातो, पेट्रोल आपलं, मान्य. पण उठसूट शहीद म्हणायची सवय लागली की त्या शब्दाला आणि माणसाला, दोघांनाही काही किंमत राहत नाही.

रीलवाल्याबद्दल माझं मत स्वच्छ आहे. नागाच्या फण्याला ओठ लावायला गेला आणि गेला. त्याचं नाव दगडावर आलं की गावोगावची सोळा वर्षांची पोरं त्या दगडासमोर फोटो काढतील. फलक त्याच्यासाठी करताय की पुढच्या बळीसाठी?

---

सुभेदार_आप्पा

माझी एकवीस वर्षं फौजेत गेली, म्हणून हा प्रश्न माझ्या ओळखीचा आहे. दोन पद्धती सांगतो.

आमच्याकडे लढाईत गेलेला वेगळा मोजतात आणि ड्यूटीवर असताना आजाराने-अपघाताने गेलेला वेगळा. पेन्शनपासून फलकापर्यंत हा फरक पोचतो. दिल्लीला २५ फेब्रुवारी २०१९ ला राष्ट्रीय युद्धस्मारक उघडलं, तिथल्या भिंतींवरची नावं पाहताना हेच मनात होतं. माझ्या तुकडीतला एकजण कड्यावरून घसरून गेला, गस्तीवर असताना. त्याच्या बायकोला मी काय समजावणार, की वहिनी, गोळी लागली असती तर बरं झालं असतं?

दुसरी पद्धत पुण्याजवळ खडकीच्या युद्धस्मशानभूमीत पाहिली. ते राष्ट्रकुलाच्या युद्धस्मशान आयोगाचं काम. त्यांचा नियम सोपा: ठरलेल्या तारखांच्या आत आणि सेवेत असताना मेला, तर तो यादीत. गोळीने मेला, तापाने मेला की ट्रकखाली मेला, हे विचारत नाहीत. सेवा सुटल्यानंतर मेला असेल तरच विचारतात, की मरण सेवेमुळे आलं का. आणि तारखा तरी कशा? पहिल्या महायुद्धासाठी ३१ ऑगस्ट १९२१ पर्यंत, म्हणजे लढाई थांबून पावणेतीन वर्षं झाल्यावरसुद्धा. दुसऱ्यासाठी ३१ डिसेंबर १९४७ पर्यंत. जखमा लगेच मारत नाहीत, हे त्यांना माहीत होतं.

वायरमन आणि बाईकवाला, दोघंही या नियमात बसतात. मेजर असो की खलाशी, दगड एकाच मापाचा, हेही लक्षात ठेवा. तुमचे पदाधिकारी वरच्या ओळीत येऊ पाहतील.

---

गिरणाकाठी

आप्पा, आमच्याकडे पदाधिकारीच नाहीत, ही एक बरी गोष्ट. नियम आवडला. पण आमची ‘सेवा’ कुठे सुरू होते आणि कुठे संपते?

---

सिस्टर_चाळीसगाव

वायरमनच्या कागदांबद्दल बोलते, कारण तुमच्यातलं कोणीतरी ‘दाखल्यात साप कुठे आहे?’ म्हणणारच.

ग्रामपंचायत-नगरपालिकेकडून जो मृत्यूचा दाखला मिळतो, त्यात मरणाचं कारण नसतंच. कारण असतं डॉक्टर भरतात त्या नमुना ४ मध्ये. तिथे एकाखाली एक ओळी असतात: ताबडतोबचं कारण, ते कशामुळे, आणि ते पुन्हा कशामुळे. घोणशीचं विष रक्त गोठण्याची व्यवस्था बिघडवतं आणि मूत्रपिंडं निकामी करतं. म्हणजे पहिल्या ओळीत मूत्रपिंड निकामी आणि खाली सर्पदंश, असं यायला हवं. घाईत पहिली ओळ भरली जाते, खालच्या कोऱ्या राहतात. मग माणूस ‘किडनीने’ गेला होतो आणि साप कागदावरून सुटतो.

हे फक्त फलकापुरतं नाही. वायरमनच्या घरी शेती असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत सर्पदंश बसतो, दोन लाख मिळतात. तिथेही हाच कागद बघतात. २००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सर्पदंशाने साधारण बारा लाख माणसं गेली असा अंदाज आहे, आणि तो दवाखान्यांच्या नोंदींवरून नाही, घरोघरी जाऊन ‘तुमच्या घरी कोण कशाने गेलं’ हे विचारून काढलेला आहे. दवाखान्यांच्या नोंदींवर राहिलो असतो तर आकडा फार लहान दिसला असता.

दगडावर तरी खालची ओळ भरा.

---

केळीबाग

ताई, पटलं. वायरमन तसाही माझ्या यादीत होताच. बाईकवाल्याचं मात्र अजून पटत नाही. अपघात कोणाचाही होतो. उद्या दूध घालायला जाताना गेला तर?

---

भाऊ_धुळे

मी त्याना मोठा भाऊ शे. आठे लिखत नही कधी, वाचस फक्त.

रातना साडेअकरा वाजता फोन उना. जेवाले बसेल व्हता. माय बोलनी, जेयीसन जाय. तो बोलना, साप काय मनी वाट देखी का? हात धोया आनि निंघना. ताट तसंच व्हतं.

आते तुम्ही सांगतस साप चावना नही म्हनीसन नाव नही. नका लिखा. पन दूध घालाले गया व्हता असं लिखू नका.

---

केळीबाग

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

---

केळीबाग

दादा, माफ करा. शब्द चुकला. बाईकवाल्याचं नाव हवं, माझं मत बदललं.

---

पांझरेचा_पूर

विषयांतराबद्दल क्षमस्व. पारोळ्याजवळ कोणी आहे का? मावशीच्या न्हाणीघरात निघालाय. पिवळसर तपकिरी, सहा फूट तरी असेल. घरचे काठी घेऊन उभे आहेत. फोटो जोडला आहे.

---

गिरणाकाठी

धामण आहे. डोळा मोठा बघा, आणि ओठांवर काळ्या उभ्या रेघा. बिनविषारी. काठी ठेवायला सांगा, न्हाणीचं दार लावा, खाली पोतं सारा. एकाला पाठवलाय, वीस मिनिटांत पोचेल.

---

सातपुडा_पायथा

पावरा बाबांबद्दल. आमच्या भागात ‘सर्पमित्र’ हा शब्द अलीकडे आला, टीशर्टावर छापून. बाबांना असं काही म्हणवून घ्यायचं नव्हतं. कोणाच्या झोपडीत निघाला की पोरगं धावत यायचं, बाबा जायचे, मडक्यात घालून नाल्यापलीकडे सोडायचे. सोडताना काहीतरी पुटपुटायचे, ते मला कधी नीट ऐकू आलं नाही.

१९७२ च्या वन्यजीव कायद्याने परवानगीशिवाय साप धरता येत नाही, हे मला माहीत आहे. तुमच्यापैकी कितीजणांकडे वनखात्याचं पत्र आहे? हात वर करा. गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, सर्पमित्रांना ओळखपत्र आणि दहा लाखांचा विमा द्यायची भाषा सरकारदरबारी झाली. होईल तेव्हा होईल. पण ओळखपत्र ही अट आज लावली तर फलकावर पाथरवटाचंच नाव राहील.

बाबा फुरशाने गेले. वीतभर साप. रात्री पाचोळ्यात हात घातला. दवाखाना चार तास लांब, त्यातले दोन तास पायी.

---

गुरुजी_अमळनेर

ओळखपत्रावरून आठवलं. नंदुरबारला माणिक चौकात जो फलक आहे, तो आपण सगळ्यांनी शाळेच्या सहलीत पाहिलेला असतो. ९ सप्टेंबर १९४२. शिरीषकुमार मेहता पंधरा वर्षांचा. त्याच्याबरोबर लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा. त्या मिरवणुकीत कोणाची कुठे नोंदणी झाली होती? झेंडा धरला, एवढीच नोंदणी.

पण त्या फलकाने मला दुसरंच शिकवलं. चाळीस वर्षं मुलांना विचारत आलो, ‘नंदुरबारचे हुतात्मे सांगा.’ पहिलं नाव सगळे सांगतात. दुसऱ्याला वर्ग गप्प. पाचही नावं एका दमात सांगणारी मुलं मला एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी भेटली. यात मुलांचा दोष नाही. ज्याचं नाव वर, त्याच्या नावाने रस्ते आणि शाळा. बाकीचे ‘आणि इतर’. म्हणून कोण यादीत, याच्याइतकंच कोण कितव्या ओळीत, हे आधी ठरवा. मी म्हणेन मृत्यूच्या तारखेने लावा. मान, वय, ज्येष्ठता, वर्गणी, काही बघू नका.

आणखी एक. आपल्याकडे वीरगळ जागोजाग सापडतात. गुरं वळवून नेणाऱ्यांशी झुंजून मेला, वाघाशी झुंजून मेला, की गावाने दगड उभा केला. बहुतेकांवर नाव नाही. पण खालच्या चौकटीत तो कसा मेला, ते मात्र कोरलेलं असतं: समोर घोडेस्वार आहेत, किंवा वाघ आहे. त्या लोकांना नावापेक्षा कसा मेला हे जास्त महत्त्वाचं वाटलं. सिस्टरबाईंची ‘खालची ओळ’ वाचली आणि हे डोक्यात आलं.

---

तर्कट

गुरुजी, वाचनखूण साठवली. पण सगळे गोड बोलून रीलवाल्याला वळसा घालताय. कोणीतरी बोला.

---

वाघूरची_लाट

मी बोलते. त्या पोराला काठी कशी धरायची, ते मी शिकवलं.

त्या दिवशी काय झालं ते पूर्ण माहीत असलेले इथे दोन-तीनच जण असतील. दोन महिने आधी आपण त्याला ग्रुपमधून काढलं होतं, व्हिडिओंमुळेच. पण त्याचा नंबर त्याच्या गावच्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवलेला आहे, अजूनही आहे. सकाळी त्या नंबरवर फोन आला. घरात बाळंतीण होती, खाटेखाली नाग. पोरगा गेला, व्यवस्थित पकडला, पैसे घेतले नाहीत, चहाही घेतला नाही. साप सोडायला नदीकडे नेणार होता. मित्र म्हणाले, आधी व्हिडिओ. संध्याकाळी पाचला जे व्हायचं ते झालं.

आता मला सांगा. सकाळी तो कोण होता आणि संध्याकाळी कोण?

आणि व्हिडिओचं म्हणाल तर त्याच्या पहिल्या व्हिडिओला अंगठे कोणी दिले ते मी मोजलं आहे. आपल्या ग्रुपमधले एकतीस जण. त्यात मीही आहे.

---

सुभेदार_आप्पा

ताई, अवघड आहे. फौजेच्या भाषेत तो ड्यूटीवर होता आणि ड्यूटीत हुकूम मोडला. असे जवानही असतात. त्यांची नावं भिंतीवर असतात का, हे मी इथे सांगणार नाही, कारण मला ठाऊक असलेल्यांत एक माझा मित्र आहे.

---

गिरणाकाठी

दोन दिवस विचार करून लिहितोय.

आप्पांच्या नियमाला आमच्या कामात बसवायचा प्रयत्न केला. सेवा कुठून कुठपर्यंत? मी लिहिलं: ‘कॉल घेतल्यापासून साप सुरक्षित जागी सोडून नोंदवहीत लिहीपर्यंत.’ बाईकवाला बसला, वायरमन बसला, काका बसले. बाबांची नोंदवही नव्हती, पण साप सोडेपर्यंतचा भाग बसतो. खूश झालो. मग पोराकडे बघितलं. कॉल घेतला होता. साप सोडलेला नव्हता. म्हणजे तोही बसतो, संध्याकाळी पाच वाजतासुद्धा.

त्याला बाहेर ठेवायला मी नियमात ‘नियमांचं पालन करून’ असे शब्द घातले. लगेच बाईकवाला बाहेर पडला, हेल्मेट नव्हतं. काका बाहेर पडले, नाग हाताने धरला होता, त्या काळी आपण सगळेच धरायचो. वायरमन एकटाच गेला होता, आणि जोडीने जायचं हा आपलाच नियम. राहिले बाबा, कारण त्यांना आपले नियमच लागू नव्हते. ते शब्द खोडले.

मी पोराच्या बाजूचा नव्हतो. अजूनही पूर्ण नाही. पण बाईकवाल्याला आत घेईल इतका मोठा दरवाजा केला की हा पोरगाही त्यातून आत येतो, आणि त्याला अडवण्याइतका लहान केला की बाकीचेही बाहेर राहतात.

---

तर्कट

म्हणजे फण्याला ओठ लावणं ही सेवा.

---

गिरणाकाठी

नाही. ती चूक. पण चुकीने मेलेला सेवेबाहेर मेला, असं म्हणता येत नाही, एवढंच म्हणतोय.

---

अनेरचा_वाटसरू

धागा शांतपणे वाचत होतो. धागाकर्त्याने बैठकीत कोणीतरी ‘सहा’ म्हणाल्याचं सुरुवातीला लिहिलं आणि पुढे सहाव्याचा पत्ताच नाही. सहा म्हणणारा मीच होतो. वहिनींचं काय, भाऊ?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. आपल्या सगळ्यांना ज्यांनी शिकवलं त्या दादांच्या घरी फोन यायचे. दादा शेतात असायचे. फोन वहिनी घ्यायच्या, पत्ता लिहायच्या, समोरच्याला शांत करायच्या, ‘दार लावा, लक्ष ठेवा, मारू नका’ सांगायच्या. पंधराएक वर्षं. एका रात्री दादा उशिरा मण्यार घेऊन आले, सकाळी सोडू म्हणून प्लास्टिकच्या बरणीत ठेवली. झाकण नीट बसलं नव्हतं. मण्यारीचा दंश दुखत नाही, टाचणी टोचल्याइतकंच वाटतं. वहिनी खाली सतरंजीवर झोपलेल्या. पहाटे पोट दुखतंय म्हणाल्या, सगळ्यांना वाटलं पित्त. पापण्या उघडेनात, तेव्हा उमगलं.

तुमच्या नव्या नियमाने साप सोडलेला नव्हता. सेवा चालू होती. आणि रीलवाल्याने साप ठेवला तर गुन्हा, दादांनी ठेवला तर सोय, असं होणार असेल तर दगड परत विहिरीत टाका.

---

गिरणाकाठी

खरंय. मी टाळलं. दादा माझे गुरू आहेत. वहिनींच्या हातचं कळण्याच्या भाकरीचं जेवण मी किती वेळा जेवलो, त्याला मोजदाद नाही. त्यांचं नाव कोरायचं म्हणजे दगडावर दादांची चूक कोरायची, आणि ते रोज त्या रस्त्याने जातात.

---

सिस्टर_चाळीसगाव

माझं मत, वहिनींचं नाव हवं. फोन घेणं हे काम नाही का? आमच्याकडे रात्रपाळीला फोनवर बसणारी बाई पेशंटला हात लावत नाही, पण तिच्याशिवाय वॉर्ड चालत नाही.

---

गुरुजी_अमळनेर

अनुमोदन. राजस्थानात खेजडली गावी १७३० मध्ये झाडं वाचवताना ३६३ बिश्नोई गेले, त्यांत पहिली अमृतादेवी, घरातून उठून आलेली बाई. तिच्यासोबत तिच्या मुली. ११ सप्टेंबरचा राष्ट्रीय वनशहीद दिवस त्यांच्यावरूनच पाळतात. घरातल्या बाईने दिलेलं मोजायचं नाही, ही आपली जुनी खोड आहे.

---

वाघूरची_लाट

+१. वहिनींचं नाव पहिलं.

---

केळीबाग

तारखेने लावायचं ठरलंय ना, ताई. पण नाव हवंच. +१.

---

लेक

माझ्या आईबद्दल चाललंय म्हणून लिहिते. मला हा धागा मावसभावाने पाठवला.

आईला सापांची भीती वाटायची. तुम्ही लिहिताय ती शांत आवाजात बोलायची, ते खरं आहे. फोन ठेवला की तिचे हात थरथरायचे, ते तुम्ही पाहिलेलं नाही. तिने बाबांना कितीदा सांगितलं, घरात आणू नका. बाबा म्हणायचे, एका रात्रीचा प्रश्न आहे. ती फोन घ्यायची कारण तिने नाही घेतला तर समोरचा मारेल किंवा मरेल, आणि ते पाप तिला नको होतं. तुम्ही त्याला काम म्हणताय, चांगल्या मनाने म्हणताय. पण ती तुमच्या गटात आली नव्हती. गट तिच्या घरात आला होता.

तिचं नाव फलकावर नको. तिथे दर वर्षी नागपंचमीला कोणीतरी हळदकुंकू वाहील आणि भाषणात तिला सापांची माय म्हणेल. मला ते ऐकवणार नाही.

बाबांनाही काही विचारू नका. त्यांनी त्या दिवसापासून काठी हातात घेतलेली नाही. कानबाईच्या रोटाच्या सणाला सुद्धा ते आता घरातच बसतात.

काही करायचंच असेल तर साप घरी न्यायचा नाही, हे तुमच्या पोरांकडून लिहून घ्या.

---

अनेरचा_वाटसरू

ताई, मी विषय काढला. चुकलो असेन तर क्षमा करा.

---

लेक

चुकला नाहीत. कोणी काढत नव्हतं. फक्त नाव नको.

---

सुभेदार_आप्पा

घरच्यांचा शब्द शेवटचा. यावर चर्चा नको.

---

गिरणाकाठी

काल बैठक झाली. चाळीसजण होते, त्यातले सातजण उठून गेले, पोराच्या नावावरून. तर्कट, तुझी वर्गणी परत हवी असेल तर व्यक्तिगत निरोप कर, राग नाही.

ठरलं ते असं. पाच नावं, मृत्यूच्या तारखेच्या क्रमाने, सगळी अक्षरं एका उंचीची. शहीद नाही, हुतात्मा नाही, वर फक्त ‘साप वाचवताना गेलेले’. नावासमोर कशाने गेले ते: नाग. घोणस, मूत्रपिंड. रस्ता. फुरसं. पोरापुढे ‘नाग, चित्रीकरण करताना’ लिहायचं, यावर सर्वात जास्त भांडण झालं. ते शब्द ठेवले तरच नाव, आणि नाव ठेवलं तरच ते शब्द, असं शेवटी ठरलं. त्याच्या आईला विचारायला वाघूरची_लाट आणि मी रविवारी जाणार आहोत. ती नाही म्हणाली तर चार. भिंतीवरचा नंबर पुसायला रंगही सोबत नेतोय.

पावरा बाबांच्या मुलाने हो म्हटलं. फक्त नाव रेशनकार्डावरचं नको, लोक ज्या नावाने हाक मारायचे ते लिहा म्हणाला.

बाईकवाल्याच्या घरी गेलो. त्याच्या माय म्हणाल्या, ‘रस्ता’ लिखा, आनि ट्रॉलीबी लिखा. ‘ट्रॉली’च्या अक्षरांचे पैसे माझ्या खिशातून.

नागपंचमीचा मुहूर्त सोडला. पावसाळ्यात कॉलही जास्त असतात, निम्मी पोरं येणारच नाहीत. ११ सप्टेंबरला सकाळी साडेआठ. भाषण नाही, नावं वाचायची आणि जायचं.

दगडावर नसलेली एक गोष्ट: नोंदवहीच्या पहिल्या पानावर ‘साप त्याच दिवशी सोडीन, घरी नेणार नाही’ असं प्रत्येकाने सही करून लिहायचं. बरण्या गोळा केल्या. सव्वीस निघाल्या. माझ्या घरच्या तीन.

---

पांझरेचा_पूर

पारोळ्याची धामण त्या दिवशी सोडली ना? मावशी रोज विचारते.

---

गिरणाकाठी

त्याच संध्याकाळी, बोरीकाठी. सही झालेली आहे, मावशींना सांगा.

---

केळीबाग

‘कै.’ लिहिणार आहात का सगळ्यांपुढे?

---

गिरणाकाठी

नाही. पाच ‘कै.’ वगळल्या तर पाथरवट म्हणतो ‘ट्रॉली’ त्यातच बसते.